हेतू, प्रयोजन, तात्पर्य : ‘लेखक का लिहितो?’ हा प्रश्न मुलांना शिकविताना

१

साहित्याच्या अध्यापनात काही प्रश्न इतक्या नित्यपणे विचारले जातात की त्यांचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे असा समज रूढ होऊन बसतो. ‘लेखक का लिहितो?’ हा त्यांपैकी एक प्रश्न होय. शालेय वर्गात तो या शब्दांत क्वचितच येतो. ‘कवीला काय सांगायचे आहे?’, ‘या पाठातून लेखकाने कोणता संदेश दिला आहे?’, ‘पाठाचा हेतू स्पष्ट करा’ अशा निरनिराळ्या रूपांत तो मुलांपुढे उभा राहतो. २०१८ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली. तरी कवितेवरील कृतीसाठी दिल्या जाणाऱ्या मुद्द्यांत ‘कवितेतून मिळणारा संदेश’ हा मुद्दा कायम राहिला. ‘कविता आवडण्याची वा न आवडण्याची कारणे’ हा मुद्दाही त्याच यादीत असतो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र संदेशाच्या मुद्द्यामागे एक गृहीतक असते, आणि ते तपासले जात नाही. प्रत्येक कवितेत एक संदेश असतो, तो कवीने आधी ठरविलेला असतो आणि कविता ही त्याची वाहक असते, असे ते गृहीतक आहे.

या गृहीतकाचे परिणाम शाळेपुरते मर्यादित राहत नाहीत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी कादंबरीचे परीक्षण ‘लेखकाचा हेतू सफल झाला आहे’ या वाक्याने संपवितो. तो हेतू त्याला कोठे सापडला आणि सफलतेची कसोटी कोणती, हे विचारल्यावर तो गोंधळून जातो, कारण दहा वर्षे त्याला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. ‘लेखक का लिहितो?’ हे मुलांना शिकविले पाहिजे, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो आपण या एका प्रश्नाच्या नावाखाली तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवितो का, आणि त्यामुळे मुलांच्या मनात साहित्याविषयी कोणती कल्पना रुजते, याविषयी.

२

ही अडचण केवळ मराठीची नाही. अमेरिकेतील प्राथमिक शाळांत लेखकाचे प्रयोजन शिकविण्याची एक सोपी युक्ती प्रचलित आहे. लेखक वाचकाचे मन वळविण्यासाठी, माहिती देण्यासाठी किंवा रंजन करण्यासाठी लिहितो, असे मुलांना सांगितले जाते. या तीन इंग्रजी क्रियापदांच्या आद्याक्षरांतून सारण भरलेल्या एका भाजलेल्या पदार्थाचे नाव तयार होते. त्याचे चित्र फळ्यावर काढून त्याचे तीन तुकडे केले जातात आणि समोरचा उतारा कोणत्या तुकड्यात बसतो ते मुलांनी सांगावयाचे असते. या त्रयीचे मूळ बरेच प्राचीन आहे. सिसरोने वक्त्याची तीन कार्ये सांगितली होती : पटवून देणे, रिझविणे आणि मन हलविणे. परंतु तो न्यायसभेत उभ्या राहणाऱ्या वक्त्याविषयी बोलत होता. त्या वक्त्यासमोर श्रोता प्रत्यक्ष बसलेला असे, खटला ठरलेला असे, आणि एकाच भाषणात तिन्ही कार्ये साधावी लागत. शाळेने त्या त्रयीतून श्रोता वगळला, प्रसंग वगळला, आणि एकत्र नांदणारी कार्ये परस्परांना वगळणाऱ्या कप्प्यांत घातली.

आपल्याकडे तीन कप्प्यांऐवजी एकच कप्पा आहे, आणि तो उपदेशाचा. याची कारणे आपल्या शालेय गद्याच्या इतिहासात सापडतात. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ साली प्रसिद्ध झाली. अर्वाचीन मराठी बालवाङ्मयाचा आणि शालेय वाचनाचा पाया ज्या पुस्तकांनी घातला, त्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. इसापाच्या गोष्टीत कथा संपते आणि तिच्याखाली तात्पर्य येते. गोष्ट आणि तात्पर्य यांच्यामधली ती मोकळी जागा पुढे मराठी शिक्षणाची सवय बनली. नीतिकथेला ही रचना शोभते, कारण नीतिकथा त्यासाठीच घडविलेली असते. परंतु ललितनिबंध, आत्मकथनाचा उतारा, निसर्गकविता अशा सर्वच प्रकारांखाली तात्पर्याची ओळ शोधली जाऊ लागली, तेव्हा प्रत्येक लेखक इसाप झाला.

३

येथे आपल्या परंपरेतील परिभाषेकडे वळणे उपयुक्त ठरेल. परंपरेचा गौरव करण्याचा माझा मनोदय नाही. आपण आज जे शब्द सैलपणे वापरतो, ते या परिभाषेत नेमके होते, एवढेच दाखवावयाचे आहे.

पहिला शब्द ‘हेतू’. आजच्या मराठीत हेतू म्हणजे मनातील उद्देश. संस्कृत काव्यशास्त्रात काव्यहेतू म्हणजे काव्य निर्माण होण्याचे कारण. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचा हेतू होतो असे मानले. म्हणजे ‘लेखक का लिहितो?’ या प्रश्नाचा एक अर्थ ‘त्याला लिहिता कशामुळे येते?’ असा आहे. वर्गात हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. लेखकाने काय वाचले, किती खर्डे केले, कोणाकडून तो शिकला, याविषयी मुलांना काहीच कळत नाही. परिचयात जन्मगाव, पुरस्कार आणि ग्रंथांची नावे येतात आणि लेखन हे श्रमाचे काम आहे ही गोष्ट झाकलेली राहते.

दुसरा शब्द ‘प्रयोजन’. मम्मटाने सांगितलेली सहा प्रयोजने पदवीच्या विद्यार्थ्याला पाठ असतात : कीर्ती, धन, व्यवहारज्ञान, अमंगलाचे निवारण, तत्काळ लाभणारा परम आनंद आणि कांतासंमित उपदेश. मात्र ही यादी दोन पक्षांत विभागलेली आहे, हे सहसा सांगितले जात नाही. कीर्ती आणि धन कवीचे आहे. व्यवहारज्ञान आणि उपदेश वाचकाचा आहे. आनंदाचा संबंध मुख्यतः रसिकाशी जोडला जातो. प्रयोजन ही लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये वाटली गेलेली गोष्ट आहे. शिवाय या यादीत धन आणि कीर्ती यांचा उल्लेख कसलाही संकोच न बाळगता केलेला आहे. आपली पाठ्यपुस्तके मात्र लेखकाला पोट असते हे मुलांपासून लपवून ठेवतात. कीर्तीच्या मागे लागून लेखकाचे काय होते, हे भालचंद्र नेमाडे यांनी ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ या लेखात मांडले, ते मोठ्यांसाठी. मुलांसाठी लेखक नि:स्वार्थ समाजशिक्षकच राहिला.

उपदेशासंबंधी मम्मटाने केलेला भेद तर आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाणारा आहे. वेदांचा उपदेश प्रभुसंमित, म्हणजे धन्याच्या आज्ञेसारखा. पुराणेतिहासांचा सुहृत्संमित, म्हणजे मित्राच्या सल्ल्यासारखा. आणि काव्याचा कांतासंमित, म्हणजे प्रियेच्या बोलण्यासारखा असतो. या उपमेतील स्त्रीविषयक दृष्टी आज जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. तरीही भेद मोलाचा आहे, कारण काव्यातील उपदेश हा सांगण्याच्या रीतीपासून वेगळा काढता येत नाही, असे त्यात सुचविलेले आहे. ‘संदेश एका वाक्यात लिहा’ असे आपण म्हणतो तेव्हा कांतासंमित बोलणे प्रभुसंमित करून टाकतो. आज्ञा उरते, बोलणे नाहीसे होते.

तिसरा शब्द ‘तात्पर्य’. नैयायिकांनी तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा असे मानले. मीमांसकांची अडचण वेगळी होती. वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांना कर्ताच नाही. मग इच्छा कोणाची? म्हणून तात्पर्य ग्रंथातूनच ठरविण्याच्या खुणा निश्चित झाल्या : आरंभ आणि शेवट यांतील मेळ, पुनःपुन्हा येणारी गोष्ट, नवेपण, फल, प्रशंसा वा निंदा आणि युक्तिवाद. लेखकाविना तात्पर्य कसे शोधावे, याची ही पद्धत होती. लेखकाचा उद्देश प्रमाण की संहिता प्रमाण, हा वाद पाश्चात्त्य समीक्षेतून आपल्याकडे प्रथम आला असे मानणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

४

पाश्चात्त्य समीक्षेतील या वादाचा विचार करताना १९४६ या सालापाशी थांबावे लागते. त्या वर्षी विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांचा हेत्वाभासाविषयीचा सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. लेखकाचा उद्देश हा कृतीच्या यशापयशाचे माप म्हणून उपलब्धही नसतो आणि इष्टही नसतो, असा त्यांचा पक्ष होता. त्याच वर्षी जॉर्ज ऑर्वेलने आपण का लिहितो हे सांगणारा निबंध लिहिला. उपजीविकेची गरज बाजूला ठेवून त्याने चार प्रेरणा सांगितल्या : निखळ अहंता, सौंदर्याची ओढ, घडले ते जसेच्या तसे नोंदविण्याची वृत्ती आणि राजकीय उद्दिष्ट. या प्रेरणा प्रत्येक लेखकात कमीअधिक प्रमाणात असतात आणि त्यांचे प्रमाण काळानुसार बदलते, असेही तो म्हणतो. एकीकडे समीक्षक हेतूला दाराबाहेर काढीत होते, तर दुसरीकडे लेखक आपले हेतू एकमेकांशी भांडत असल्याचे सांगत होता. पुढे १९६७ मध्ये रोलाँ बार्थने लेखकाचा मृत्यूच घोषित केला.

मराठीत या प्रश्नाचे रूप ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ असे झाले. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांनी हा वाद विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत आजही जिवंत आहे. त्यातील दोन्ही पक्ष लेखनाला एकच प्रयोजन शोधीत होते, हे मात्र टिपणात लिहिलेले नसते.

मग शाळेतही लेखकाला रजा द्यावी काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. ज्या समाजात बहुसंख्यांना शतकानुशतके लिहूच दिले गेले नाही, तेथे कोण लिहितो आणि कशासाठी, या प्रश्नाला गौण लेखणे ही चैन आहे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली. या पुस्तकांपुढे ‘लेखकाचा विचार करू नका’ असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांतील अर्धा अर्थ पुसणे होय. तेव्हा लेखक हवाच. त्याला संदेशवाहक समजण्याची सवय तेवढी सोडावयास हवी.

५

हा भेद दोन उदाहरणांनी स्पष्ट करतो.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याची लेखिका मुक्ता साळवे ही सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेची सुमारे चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. आज नववी-दहावीत असलेल्या मुलामुलींच्याच वयाची लेखिका आणि त्यांच्याच परिचयाचा निबंध हा प्रकार, यामुळे ‘लेखक का लिहितो?’ शिकविण्यास याहून योग्य संहिता क्वचितच सापडेल. आता तीन कप्प्यांची युक्ती लावून पाहावी. निबंध माहिती देतो : पेशवाईतील छळ, आसऱ्याविना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल, शिक्षणाला असलेली बंदी. तो मनही वळवितो, कारण ज्ञान हेच औषध असल्याचे तो आपल्या लोकांना सांगतो. ‘शिक्षणाचे महत्त्व’ एवढा संदेश लिहिला की आपल्या पद्धतीने पैकीच्या पैकी गुण मिळतील.

पण निबंधाचे खरे बळ या उत्तराच्या बाहेर राहते. लेखिका देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता. वेद फक्त ब्राह्मणांचे, असे ब्राह्मण म्हणत असतील तर आमच्यापाशी ग्रंथ नाही, आणि ग्रंथ नाही तर धर्मही नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. प्रतिपक्षाचेच विधान गृहीत धरून त्याला पेचात पकडावयाचे आणि तो पेच प्रार्थनेच्या रूपात मांडावयाचा, ही रीत आहे. प्रश्न देवाला केलेला असला तरी तो ब्राह्मणांनी ऐकावा, स्वजातीयांनी ऐकावा, आणि मिशनच्या पत्राचा वाचकही तो वाचणार आहे, अशी त्याची योजना दिसते. येथे ‘का लिहिले?’ याचे उत्तर ‘कोणाला उद्देशून आणि कोणाच्या देखत?’ हे विचारल्याशिवाय मिळत नाही. शिवाय जिला वाचण्याचाच अधिकार नाकारला होता तिने लिहिणे, हीच एक कृती आहे. तिचे प्रयोजन निबंधाच्या मजकुरात जेवढे आहे तेवढेच त्याच्या असण्यात आहे.

दुसरे उदाहरण अगदी परिचयाचे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत लिहिला गेला, आणि पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. पायांच्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलाला आई मनही तसेच जपावयास सांगते, तो प्रसंग कोणत्याही मराठी वाचकाला आठवेल. ‘मन स्वच्छ ठेवावे’ हा त्याचा संदेश ठरून गेलेला आहे. पण हा प्रसंग कोण सांगतो? मोठा झालेला श्याम, आश्रमातील सोबत्यांना, रात्री सांगतो. आई निवर्तली आहे आणि तिच्या अखेरच्या क्षणी तो तिच्यापाशी पोहोचू शकलेला नव्हता. हे सारे लिहिणारा माणूस राजबंदी आहे. वाचकाचे हृदय गहिवरावे ही अपेक्षा प्रस्तावनेतच व्यक्त झाली आहे. म्हणजे लेखकाने स्वतः सांगितलेले प्रयोजनदेखील शाळेने लावलेल्या प्रयोजनापेक्षा निराळे आहे. निवेदक, श्रोते, रात्र, तुरुंग हे सर्व बाजूला करून एक वाक्य काढले की उपदेश उरतो, आणि ज्या दुःखातून तो उपदेश आला ते दुःख निघून जाते. मग मुलांना हे पुस्तक बाळबोध वाटले तर दोष त्यांचा नव्हे.

६

हे सर्व मुलांना झेपेल काय, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर मुलांच्या रोजच्या भाषेत आहे. ‘पान आण’ हे वाक्य घ्यावे. पंगत मांडली जात असताना त्याचा एक अर्थ, जेवण आटोपल्यावर दुसरा, आणि वह्यांच्या पसाऱ्यात तिसरा. आपल्या शास्त्रकारांनी मीठ आणि घोडा असे दोन अर्थ असलेल्या ‘सैंधव’ शब्दाचे उदाहरण देऊन नेमके हेच सांगितले आहे. सहा वर्षांचे मूल यांत चुकत नाही. ‘दार उघडे राहिलेले दिसते’ असे आई म्हणाली की ते माहिती ऐकत बसत नाही, उठून दार लावते. कोण, कोणाला, कोणत्या वेळी बोलत आहे यावरून बोलण्याचे प्रयोजन ओळखण्याची समज घेऊनच मूल शाळेत येते. शाळा ती विसरावयास लावते.

म्हणून ‘का लिहिले?’ या एका प्रश्नाऐवजी चार प्रश्न क्रमाने विचारावेत असे मला वाटते. यात बोलणारा कोण आहे, आणि तो लेखकच आहे काय? तो कोणाला उद्देशून बोलतो, आणि आणखी कोणी ऐकावे अशी त्याची इच्छा दिसते? हेच दुसऱ्या प्रकारे सांगता आले असते. मग असेच का सांगितले? आणि चौथा : हे तुम्हाला कोणत्या शब्दांवरून, कोणत्या ओळीवरून वाटते? गुण या चौथ्या प्रश्नाला असावेत. साठ मुलांचा वर्ग, वेळेत संपवावयाचा अभ्यासक्रम आणि हजारो उत्तरपत्रिकांसाठी एकच नमुना उत्तर, या बंधनांत शिक्षक काम करतो, याची मला जाणीव आहे. संदेशाचा प्रश्न टिकून राहिला तो मुख्यतः तपासण्यास सोपा म्हणून. परंतु उत्तर कोणतेही असो, त्याला संहितेतला आधार आहे की नाही हे तपासणेदेखील अशक्य नाही.

आणखी एक गोष्ट. मूल वर्गात स्वतः लिहीत असते. त्याचा निबंध कोणासाठी असतो? गुण देणाऱ्यासाठी. त्याला काय अपेक्षित आहे ते ओळखून लिहावयाचे, हा त्याचा लेखनाचा एकमेव अनुभव. म्हणून लेखकही वाचकाला अपेक्षित असलेला चांगला विचार पुरविण्यासाठी लिहितो, असे त्याला वाटले तर ते स्वाभाविकच आहे. ज्या मुलाने एकदा तरी खऱ्या वाचकाला उद्देशून लिहिले असेल, मग ते पाणीपुरवठ्याविषयी ग्रामपंचायतीला केलेले निवेदन असो की गावी राहिलेल्या आजीला लिहिलेले पत्र, त्याला लेखक का लिहितो हे व्याख्येने सांगावे लागत नाही.

या प्रश्नात पणाला लागले आहे ते परीक्षेतील गुणांहून मोठे आहे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले तेव्हा नाना फडणविसांची बदनामी हाच नाटकाचा हेतू ठरवून त्याला विरोध झाला. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, ही विजय तेंडुलकरांची भूमिका ऐकली गेली नाही. त्यानंतरच्या काळातही पात्राचे वाक्य हे लेखकाचे मत मानून, उपरोधाला विधान समजून, पुस्तके आणि नाटके यांच्याविरुद्ध अनेकदा मोहिमा झाल्या आहेत. त्यांना राजकीय कारणे असतात, हे उघड आहे. पण अशा मोहिमांना सहज साथ देणारा सुशिक्षित वाचक शाळेतूनच आलेला असतो, आणि प्रत्येक संहितेमागे एक लेखक, एक हेतू आणि एक वाक्याचा संदेश असतो, हे तो तेथेच शिकलेला असतो. त्याला दुसरे काही शिकविले गेले असते तर तो ‘लेखकाचा हेतू काय?’ असे विचारण्याआधी ‘येथे बोलतो आहे कोण?’ असे विचारता. हा दुसरा प्रश्न दहाव्या वर्षी शिकविता येतो. तो तेव्हा शिकविला गेला नाही, तर पुढे विद्यापीठातील साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासपत्रिकेने ती उणीव भरून निघत नाही, असाच अध्यापनातील अनुभव आहे.